गच्चीवरचं पिंप आणि टीव्हीवाले

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नसतं. चार माणसं एका छंदाला लागली आणि त्या छंदावर टीव्हीवाल्यांची नजर पडली, की किस्से आपोआप तळाशी बसायला लागतात, आमच्या पिंपात यीस्ट बसतं तसे. मधूनमधून पिंप धुवावं लागतं. म्हणून आज बसलोय.

आधी आमची ओळख. मी सोलापुरात नवी पेठेत चष्म्याचं दुकान चालवतो. श्रीनिवास टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. घरात तेलुगू बोलतो, बाहेर मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. इरफानभाईंची बेकरी आहे. चौथा महेश, तो वकिली करतो, म्हणून त्याला आम्ही नुसतं 'वकील' म्हणतो. त्याची बायकोसुद्धा तेच म्हणते, पण वेगळ्या सुरात. तर आम्ही चौघं मिळून श्रीनिवासच्या गच्चीवरच्या खोलीत बिअर बनवतो.

थांबा, लगेच पोलिसांना फोन करू नका! आमच्यात वकील आहे हे विसरलात. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "परवाना नसताना नशेचं काही बनवलंत तर तुमची केस मी घेणार नाही. कारण मी तुमच्या शेजारीच बसलेला असेन!"

म्हणून आमची बिअर बिनानशेची. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, गच्चीवर वाळवायची, मोड चोळून काढायचे, भरडायची, उकळायची, गाळायची, मग यीस्ट. सगळं रीतसर. फक्त गोडवा मुळात कमी ठेवायचा आणि यीस्ट अंगात येण्याआधी पिंप थंड करून त्याला झोपवायचं. लोक विचारतात, "चढत नाही, तर मग बनवता कशाला?" आता याला काय उत्तर देणार? पतंग उडवणाऱ्याला कुणी विचारतं का, की पोट भरलं का म्हणून?

या छंदाला विरोध करणारा माणूस एकच. श्रीनिवासचे वडील, बापू. उभं आयुष्य मागावर गेलं, आता रिटायर होऊन खालच्या खोलीत टीव्हीसमोर असतात. त्यांचा धाकटा भाऊ दारूने गेला. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत, पण भिंतीवर त्याचा फोटो आहे आणि त्याचा हार बापू स्वतः बदलतात. पिंप वर नेलं त्या दिवशी श्रीनिवासने त्यांना तासभर समजावलं, की बापू, यात नशा नाही. बापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चढत न्हाय म्हणतोस. नाव तर तेच हाय की."

त्या दिवसापासून बापू गच्चीवर गेले नाहीत. विचारलं की गुडघ्यावर हात ठेवतात. श्रीनिवासला हे लागतं. तो तोंडाने म्हणत नाही, पण आम्हाला ठाऊक आहे. त्याला त्या पिंपातून दुसरं काही नको. बापूंनी एकदा वर यावं, एकदा वास घ्यावा, एवढंच.

* * *

टीव्हीशी आमची पहिली गाठ पडली ती एका चकाचक कार्यक्रमात. पुण्यातली कुठली तरी मोठी ब्रुअरी, तांब्याच्या टाक्या, आणि रंगीत गॉगल लावलेला निवेदक. आम्ही चौघं श्रीनिवासकडे जमलो होतो. अम्माने, म्हणजे श्रीनिवासच्या आईने, कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली होती. बापू त्या दिवशी मुद्दाम भाजी आणायला गेले होते.

निवेदकाने मूठभर धान्य नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "वाव! कॅरॅमल!"

इरफानभाई म्हणाले, "वो तो अबी भूना बी नै मियाँ."

मग त्याने ग्लास उचलला, घोट घेतला आणि म्हणाला, "शेवटी हलकासा आंबा लागतो."

"आंबा कुटं घातला?" वकील म्हणाला. "आम्ही सुरुवातीपासून बघतोय!"

श्रीनिवासचं मात्र निवेदकाकडे लक्षच नव्हतं. मागे टाकीवर तापमानाचा काटा होता आणि तो त्याला वाचायचा होता. त्याने प्रोग्राम थांबवला. मागे घेतला. पुन्हा थांबवला. निवेदक दरवेळी काट्याच्या आडवा यायचा. श्रीनिवास सोफ्यावर उभा राहिला, टीव्हीच्या बाजूने वाकून बघायला लागला, जणू बाजूने बघितलं तर निवेदकाच्या मागचं दिसेल!

अम्मा आतून बाहेर आली. आम्ही चौघं टीव्हीला चिकटून "किती हाय? किती हाय?" करत होतो. तिने बिचारीने काळजीने विचारलं, "कुणाला ताप आलाय रे?"

* * *

वकिलाचा किस्सा मात्र त्याच्यासमोर सांगायची सोय नाही, म्हणून इथे सांगतो.

दुपारी बायकांसाठी एक कार्यक्रम लागतो. पाककृती, सौंदर्य, त्वचेवरचे डाग, सगळं एका तासात. एके दिवशी त्यात 'घरच्या घरी जिंजर बिअर' होती. आल्याचा रस, लिंबू, साखर आणि वरून बाटलीतला सोडा! झाली बिअर! वकील तेव्हा दुपारच्या सुट्टीत घरी जेवत होता. घास तसाच राहिला. लाइव्ह कार्यक्रम होता, खाली फोन नंबर येत होता. त्याने लावला आणि नेमका लागला.

"नमस्कार दादा, कुठून बोलताय?"

"सोलापूर. ताई, यात यीस्ट कुठलं वापरलं? आणि आलं किती दिवस ठेवलं?"

"अय्या, सोलापूर! दादा, तुमच्याकडची शेंगाचटणी कशी करतात हो?"

"ताई, चटणी राहू द्या. यीस्ट घातलं नाही तर ती बिअर कशी होईल? ते आल्याचं सरबत झालं!"

"दादांनी किती छान प्रश्न विचारला! घेऊया छोटासा ब्रेक."

वकील समाधानाने हात धुऊन कोर्टात परत गेला. दारातच त्याचा होटगीचा पक्षकार उभा होता. या पक्षकाराला त्याने सकाळीच सांगितलं होतं, की आज मी दिवसभर दुसऱ्या कोर्टात अडकलोय, जेवायलाही फुरसत नाही, तुझी तारीख पुढे घेतो. तो बिचारा तोपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. टपरीत टीव्ही होता.

पक्षकार म्हणाला, "सायेब, माझी तारीख राहू द्या निवांत. आधी त्या आल्याचं काय ठरलं तेवढं सांगा!"

* * *

इरफानभाई आमचे नाक आहेत. पीत नाहीत. एक थेंब जिभेला लावत नाहीत, बिनानशेची असली तरी नाही. पण पिंपाचं झाकण उघडलं की ते पुढे येतात, दोन्ही हात मागे बांधतात, वाकून हुंगतात आणि निकाल देतात. "उद्या." "आज रात कू नको, सुबू." "ये गया, फेकून द्या." आजवर चुकलेले नाहीत. बेकरीत बापजाद्यांपासून खमिराशी, म्हणजे यीस्टशीच, संसार आहे.

मध्यंतरी एका न्यूज चॅनलवर वाद रंगला होता. विषय: 'क्राफ्ट बिअर, छंद की संस्कृतीवर घाला?' पडद्यावर सहा चौकोन, सहा माणसं, आणि सहाही एकाच वेळी बोलतायत. एकाला विचारलं, क्राफ्ट म्हणजे काय? तो म्हणाला, ते महत्त्वाचं नाही! दुसरा म्हणाला, आमच्या काळी ताक होतं! तिसऱ्याचा आवाज येत नव्हता, म्हणून तो सगळ्यात शहाणा वाटत होता.

आम्ही बेकरीत उभं राहून बघत होतो. पाव घ्यायला आलेली गिऱ्हाइकंही थांबली होती. एका म्हाताऱ्या चाचांनी डोळे बारीक करून विचारलं, "इरफान, ये खमीर खमीर बोलरै, वोइच क्या जो तू पाव में डालता?"

"हौ चाचा, उसकाच भाई."

चाचांनी हातातल्या पावाकडे बघितलं. मग टीव्हीकडे. मग पुन्हा पावाकडे. पाव परत ठेवावा की काय, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

इरफानभाई काउंटरवर हात टेकून म्हणाले, "चाचा, खमीर का क्या कसूर? पाव में डालो तो नाश्ता, पिंप में डालो तो डिबेट!"

चाचांनी पाव पिशवीत टाकला आणि वर चार खारी मागितल्या.

* * *

आता टॉवेलचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. गच्चीवरच्या खोलीत दुपारी नुसती ज्वारी ठेवली तरी लाह्या होतील. यीस्टला गारवा लागतो. मोठा फ्रीज परवडत नाही, आणि परवडला तरी तो जिन्यातून वर जाणार नाही. म्हणून श्रीनिवासने उपाय काढला. कारखान्यातला जाड टॉवेल ओला करायचा आणि पिंपाला गुंडाळायचा. माठाला फडकं गुंडाळतात तेच. पाणी उडत राहतं, पिंप गार राहतं.

अडचण एकच. टॉवेल वाळला की गारवा संपला. श्रीनिवास सकाळी टॉवेल भिजवून कामावर जातो तो संध्याकाळी परत येतो. मधल्या वेळात वर कुणी नाही. अम्माला स्वयंपाक आणि शिवण, बापूंचे गुडघे. हिशेबाने दुपारपर्यंत टॉवेल कडकडीत व्हायला हवा आणि पिंप वाया जायला हवं.

तसं कधी झालंच नाही! संध्याकाळी आम्ही वर जावं, तर टॉवेल ओलाचिंब. पिंप गार. ऐन मे महिन्यात!

पहिल्यांदा आम्हाला नवल वाटलं. मग आम्ही चर्चा केली. वकील म्हणाला, खोलीची दिशा चांगली आहे. मी म्हणालो, शेजारच्या कूलरची हवा लागत असणार. इरफानभाईंनी टॉवेलही हुंगून बघितला. श्रीनिवासचं मात्र ठरलं होतं. तो टॉवेलवर हात फिरवत छाती फुगवून म्हणाला, "ही आपल्या मालाची क्वालिटी हाय! दिवसभर पाणी धरतो की!"

वकील पुराव्याशिवाय ऐकणारा नाही. त्याने त्याच ठाणातला टॉवेल घरी नेला, भिजवला, पाण्याच्या पिंपाला गुंडाळला आणि समोर खुर्ची टाकून बसला. जेवण होऊन पान खाईपर्यंत टॉवेल वाळला. त्याने ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, "तुझ्या मालाची क्वालिटी बघ!"

श्रीनिवासचं उत्तर लगेच आलं, "तू साबणानं धुतलास!"

* * *

मग एकदा टीव्हीवाले प्रत्यक्ष आले.

कल्पना वकिलाची. त्याचं म्हणणं असं, की बापू आपलं ऐकत नाहीत, पण टीव्हीचं ऐकतात. सोन्याचा भाव, पाऊस, राशिभविष्य, टीव्हीने सांगितलं की बापूंना पटतं. तर टीव्हीनेच एकदा सांगून टाकावं, की सोलापुरात चार माणसं ज्वारीची बिनानशेची बिअर करतात. झालं काम! त्याच्या ओळखीतून एक प्रतिनिधी मिळाली. चॅनलचं नाव घेत नाही. पोरगी चांगली होती, पायऱ्या चढताना अम्माला नमस्कार वगैरे केला.

श्रीनिवासने बापूंना आदल्या दिवशी सांगितलं. बापूंनी टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाले, "येऊ दे. पर एक ऐक. टीव्हीवर माझ्या घराला दारूचं घर म्हणलं, तर दुसऱ्या दिवशी पिंप खाली. पुन्यांदा वर जायचं न्हाय." आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाले, "ह्यानं बी हितंच बसून सांगितलं होतं. कायबी होत न्हाय म्हणून."

श्रीनिवास आम्हाला हे सांगताना हसत होता, पण त्याचा चेहरा उतरला होता. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

शूटिंग सुरू झालं. कॅमेरामनला फेस हवा होता. आमच्या बिअरला फेस बेताचा. तो म्हणाला, "थोडा भांड्यांचा साबण घालू का?" श्रीनिवासने पिंपाला मिठीच मारली! मग त्याला धूर हवा होता. मी म्हटलं, अहो इथे धूर निघतच नाही. तो म्हणाला, "उदबत्ती आहे का?" मग प्रतिनिधी वकिलाला म्हणाली, "सर, एक घोट घेऊन जरा... चढल्यासारखं कराल?" वकील उसळला आणि त्याने कायदा समजावून सांगितला. नशा म्हणजे काय, परवाना कशाला लागतो, आमच्या पेयात का लागत नाही. इतकं मुद्देसूद तो कोर्टात कधी बोलला नसेल. ती मान डोलावत होती. आम्हाला बरं वाटलं.

शेवटी पिंपाचा क्लोजअप. कॅमेरामनने नाक मुरडलं. टॉवेल भिजून भिजून मळकट झाला होता, त्यावर ज्वारीच्या पाण्याचे डाग. "असला टॉवेल दाखवायचा? टॉवेलच्या गावात?" त्याने तो काढला. अम्माने हौसेने कपाटातला नवाकोरा आणला, लाल काठांचा, घडीही न मोडलेला. पिंपाला तो गुंडाळला. श्रीनिवास म्हणाला, "ओला तरी करू द्या!" कॅमेरामन म्हणाला, "रंग डार्क येईल. दोनच मिनिटं." झालं, शॉट घेतला, आणि श्रीनिवासने लगेच जुना टॉवेल परत गुंडाळला. नवीन अम्माच्या कपाटात गेला.

जाताना प्रतिनिधी खाली बापूंकडे गेली. "काका, तुमचा विरोध आहे म्हणे?"

बापू म्हणाले, "टॉवेलचं विचार बाई, सांगतो. वरचं मला कायबी म्हाईत न्हाय."

* * *

बातमी लागली त्या संध्याकाळी श्रीनिवासच्या खालच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही चौघं, शेजारचे, समोरच्या घरातल्या बायका, दारात उभी राहिलेली पोरं. बापू त्यांच्या खुर्चीत, अगदी पुढे. अम्मा जमिनीवर बसून लसूण सोलत होती. श्रीनिवास बापूंच्या मागे उभा होता. मला वाटतं त्यांचा चेहरा दिसू नये म्हणून.

आधी संगीत वाजलं. दरोड्याच्या बातमीला वाजवतात तसलं. मग लाल पट्टी आली: 'सोलापुरात गच्चीवर बिअरचा कारखाना?'

प्रश्नचिन्ह होतं, पण प्रश्नचिन्ह कोण वाचतं! बायकांनी पदर तोंडाला लावला. वकिलाचा कायदा सगळा कापला होता. ग्लास हुंगतानाचा त्याचा चेहरा मात्र पुन्हा पुन्हा दाखवत होते, तोही स्लो मोशनमध्ये. चेहरा दाखवू नका असं इरफानभाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून ते कुठे नव्हते, फक्त त्यांचे मागे बांधलेले हात दिसले. ते हातसुद्धा गुन्हेगाराचे वाटत होते! निवेदिका जोरात म्हणाली, "या घरात नेमकं शिजतंय तरी काय?" आणि आमच्या घराचा दरवाजा दाखवला. म्हणजे बापूंचा दरवाजा. वरची पाटी, तोरण, सगळं.

'बिनानशेची' हा शब्द शेवटपर्यंत आला नाही.

मी बापूंकडे चोरून बघितलं. त्यांचा जबडा आवळलेला होता. श्रीनिवासने डोळे मिटून घेतले होते. मला मनापासून वाईट वाटलं, आणि वकिलाच्या कल्पनेचा रागही आला. वकील स्वतः जमिनीकडे बघत होता. आता पिंप खाली येणार हे आम्हाला चौघांनाही कळून चुकलं होतं.

टीव्हीवर शेवटचा शॉट आला. पिंपाचा क्लोजअप. लाल काठांचा नवाकोरा टॉवेल, सुरकुती नाही, थेंब नाही, पडदाभर.

बापू ताडकन उठले. खुर्ची मागे सरकली, श्रीनिवासच्या पायावर आदळली.

"आरं, टॉवेल कोरडा हाय की!"

आणि आम्हाला काही कळायच्या आत बापू गर्दीतून वाट काढत मोरीत गेले, पाण्याने भरलेली बादली उचलली आणि गच्चीच्या पायऱ्या चढायला लागले. भराभरा. गुडघ्याला हातही न लावता.

श्रीनिवास आ वासून पायऱ्यांकडे बघत होता.

अम्माने लसणावरून नजर न उचलता वर हाक मारली, "तांब्या न्यायला खाली येऊ नका. दुपारी कठड्यावरच ठेवलाय तुमी!"